मुलांना घरी ठेवून परदेशी जावं का? साडेतीन वर्षांच्या मुलाच्या आईला उत्तर

प्रश्न: आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मी बँकेत आहे, नवरा अंबडच्या एमआयडीसीत. लग्नाला 12 वर्षं झाली. येत्या मे महिन्यात आम्ही दोघंच 12 रात्रींसाठी स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाला जायचं म्हणतोय. मुलगी 9 वर्षांची आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा. सासूबाई आमच्याकडेच असतात, माझे आईवडील निफाडजवळ मळ्यात राहतात. मुलांना मळ्यात ठेवायचा विचार आहे. नणंद म्हणाली, "एवढी लहान पोरं टाकून कसली हौस?" तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. मुलाच्या मनावर कायमचा परिणाम होईल का? जावं की नाही? गेलो तर तयारी काय करावी?

उत्तर: जा. पण 12 रात्रींऐवजी आठ-नऊ रात्रींची सहल मिळत असेल तर ती घ्या. मुलांना मळ्यात पाठवण्यापेक्षा तुमच्या आईलाच इंदिरानगरला बोलवा. आणि निघाल तेव्हा मुलगा जागा असू द्या, त्याला सांगून त्याच्या डोळ्यांदेखत निघा. पहिल्या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर त्यावर मार्ग काढता येतो आणि तो मी पुढे सांगते. तिसऱ्या गोष्टीला मात्र पर्याय नाही.

मी नाशिकमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. मे महिन्यात आजी-आजोबा नातवंडांना घेऊन दवाखान्यात येतात आणि जूनमध्ये परत आलेले आईबाप येतात, हे दरवर्षीचं आहे. जूनमध्ये जी मुलं घाबरलेली, चिकटलेली, झोप उडालेली दिसतात, त्यांच्या घरी मी आधी एकच गोष्ट विचारते: निघताना मुलाला सांगितलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही हो डॉक्टर, तो झोपला होता. उगाच रडारड नको म्हणून."

अशीच एक चार वर्षांची मुलगी आठवते. आईवडील रात्री दोनला मुंबई विमानतळासाठी निघाले. सकाळी तिनं आधी बाथरूमचं दार वाजवलं, मग गच्चीवर जाऊन आली, मग आजोबांचा हात धरून पार्किंगमध्ये गाडी आहे का ते पाहिलं. आजीनं मायेनंच सांगितलं, "ऑफिसला गेलेत, संध्याकाळी येतील." संध्याकाळी ती चपला घालून जिन्यात बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बसली नाही, विचारलंही नाही. आजीला वाटलं, चला, रुळली. आईवडील परत आल्यावर ती रात्री उठून आईचा चेहरा हातानं चाचपडून बघायची आणि आईला बाथरूमचं दार लावू द्यायची नाही. आईवडील जेमतेम सहा रात्री बाहेर होते. याच्या दुप्पट दिवस आईबापापासून लांब राहून मजेत असलेली मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना आई कुठे आहे ते माहीत होतं आणि ती परत कधी येणार तेही माहीत होतं.

ही नुसती माझी निरीक्षणं नाहीत. ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लहान मुलांच्या ताटातुटीचा अभ्यास केला. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला भेटायची परवानगी अगदी क्वचित मिळे. रॉबर्टसन यांना मुलांच्या वागण्यात तीन टप्पे दिसले. आधी मूल रडून आकांत करतं, मग हिरमुसतं, आणि शेवटी अलिप्त होतं. तिसऱ्या टप्प्याला परिचारिका म्हणत, "आता छान रमला." प्रत्यक्षात मुलानं वाट बघणं सोडलेलं असे. जिन्यात बसायची थांबलेली ती मुलगी याच टप्प्यावर आली होती.

पुढे 1960 च्या दशकात जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्यानं, आई बाळंतपणासाठी रुग्णालयात असलेली काही लहान मुलं एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. मुलाची त्यांच्याशी आधीच ओळख करून दिलेली असे. मूल आपलं पांघरूण, आपली खेळणी घेऊन येई, खाण्या-झोपण्याच्या सवयी घरच्यासारख्याच ठेवल्या जात आणि आईचा विषय रोज निघे. ही मुलं दहा दिवसांपासून जवळजवळ चार आठवड्यांपर्यंत आईपासून लांब होती. ती रडली, हट्टी झाली, पण कोलमडली नाहीत. त्याच अभ्यासात 17 महिन्यांचा एक मुलगा निवासी पाळणाघरात फक्त 9 दिवस होता. तिथल्या बायका प्रेमळ होत्या, पण पाळी बदलली की माणूस बदलायचं. त्याला एक अशी कूस मिळालीच नाही आणि तो पार खचला. आई परत आली तेव्हा तो तिच्यापासून तोंड फिरवू लागला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ओळखीचं घर, एक ठरलेलं माणूस, रोजच्या सवयी आणि खरं बोलणं, इतकं असेल तर साडेतीन वर्षांच्या निरोगी मुलावर आठ-नऊ रात्रींचा कायमचा परिणाम होत नाही. त्याला तुमची आठवण येईल, तो रडेल. आठवण येणं हा आजार नाही.

मुलगा दीड-दोन वर्षांचा असता तर मी थांबा म्हटलं असतं. साधारण आठव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत आई दिसेनाशी झाली की मुलाला फार जड जातं, आणि "दहा दिवसांनी येते" हे त्याला शब्दांत कळत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईनं तर सहलीसाठी म्हणून घाईनं दूध तोडू नये. तीन वर्षांनंतर भाषा येते, मोजणं येतं, गोष्ट कळते. म्हणून आता जमेल. आठ-नऊ रात्रींचा आग्रह याचसाठी, की या वयात मुलाची मोजदाद तेवढीच पोचते. त्यापुढचे दिवस त्याच्या लेखी सगळे "खूप" असतात. 12 रात्रींचं बुकिंग झालंच असेल आणि पैसे अडकले असतील तरी जा, फक्त पुढची तयारी जास्त काटेकोर करा.

आता सांगायचं कसं. मुलीला आजच सांगा. ती 9 वर्षांची आहे, घरातली कुजबुज तिनं ऐकलेलीच असणार, आणि तिसऱ्याच कुणाकडून कळलं तर ते तिला लागेल. मुलाला आठवडाभर आधी सांगा. महिनाभर आधी सांगितलंत तर तो रोज सकाळी "आज जाणार?" म्हणून विचारेल. वाक्यं लहान ठेवा. "आई आणि बाबा विमानानं लांब फिरायला जाणार. तू आणि ताई इथंच, दोन्ही आज्यांजवळ. आठ वेळा झोपून उठलास की आम्ही घरी." इतकंच. "जाऊ ना रे राजा? चालेल ना तुला?" असं विचारू नका. तो नाही म्हणाला तर तुम्ही थांबणार नाही आहात, मग विचारण्यात अर्थ नाही.

लहान मूल दिवस मोजत नाही, झोपा मोजतं. भिंतीवरच्या कालनिर्णयचं मे महिन्याचं पान त्याच्या हाताला येईल इतकं खाली लावा. तुम्ही येणार त्या तारखेवर त्याच्याच हातून विमान काढून घ्या, कसंही वेडंवाकडं चालेल. मग रोज सकाळी उठल्यावर आजीच्या टिकलीच्या पाकिटातली एक टिकली त्यानं त्या दिवसाच्या चौकोनावर लावायची. टिकल्या विमानाकडे सरकताना त्याला दिसतात. परतीची तारीख एका दिवसानं जरी बदलली तरी त्याला फोनवर सांगून विमान पुढच्या चौकोनात काढायला सांगा. सांगितलेली तारीख उलटून गेली आणि कुणी काही बोललं नाही, की आधीचं सगळं खोटं वाटायला लागतं.

रंगीत तालीमही हवी, आणि तिची सोय तुमच्या व्हिसामुळे आपोआप होते आहे. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला बहुधा मुंबईला जावं लागेल. ते काम सकाळी जाऊन रात्री परत असं उरकू नका. त्या रात्री दोघंही मुंबईतच राहा आणि मुलांना नेमकी तीच व्यवस्था द्या, जी मे महिन्यात असणार आहे. तीच आजी, तीच खोली, तीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी आजीला शांतपणे विचारा, रात्री कितीला उठला, काय मागितलं, कशानं शांत झाला. एका रात्रीत जे कळतं ते चार पानी यादी करून कळत नाही. मेपर्यंत अशी आणखी एखादी रात्र काढता आली तर सोन्याहून पिवळं. एक मात्र सांभाळा: याच सुमारास डायपर सोडवणं, वेगळ्या खोलीत झोपवणं, दुधाची बाटली बंद करणं यातलं काहीही सुरू करू नका. एका वेळी एकच बदल.

निघण्याची वेळ रात्रीची असेल तर मुलगा झोपण्याआधीच निरोप घ्या. "तू झोपलास की आम्ही निघणार, सकाळी उठशील तेव्हा आजी तुझ्याजवळ असेल." तुमची एक रोजच्या वापरातली ओढणी किंवा टी-शर्ट, न धुतलेला, त्याच्या उशीपाशी ठेवा. दिवसाचं विमान असेल तर दारात पाच मिनिटांच्या वर रेंगाळू नका. मिठी, पापा, परत कधी येणार ते एकदा सांगायचं, आणि निघायचं. तो रडला तरी जिन्यातून परत वर येऊ नका. आईला परत आणायला रडणं पुरतं हे एकदा कळलं की दुसरा निरोप पहिल्याहून अवघड होतो.

मुलीकडे वेगळं लक्ष द्या. ती रडणार नाही, ती विचारेल, "आम्हाला का नाही नेत?" याला "पैसे नाहीत" किंवा "तिकडे मुलांना घेत नाहीत" असलं उत्तर देऊ नका, तिला खोटं ओळखता येतं. खरं सांगा: "ही सहल माझी आणि बाबांची. आम्हाला दोघांनाच थोडा वेळ हवा आहे." तिला राग येईल, येऊ द्या. दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी कुठे जायचं खरोखर ठरलं असेल तरच ते सांगा. आणि तिच्यावर भावाची जबाबदारी टाकू नका. "तू मोठी आहेस, त्याला सांभाळ" हे वाक्य आपल्याकडे इतकं सहज निघतं की बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. 9 वर्षांची मुलगी आठ दिवस शहाण्यासारखी वागते आणि आई परत आली की क्षुल्लक कारणावरून भडकते, ते त्याच ओझ्यापायी. तिला तिचं स्वतःचं काहीतरी द्या: सकाळचा पोहण्याचा क्लास, मैत्रिणीकडे एक रात्र, किंवा घरातल्या झाडांची पूर्ण मुखत्यारी.

घरातल्या मोठ्यांशी एकदा नीट बसून बोला. सासूबाई, तुमचे आईवडील, नणंद, शेजारच्या काकू, सगळ्यांशी. काही वाक्यं आठ दिवस कुणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. "रडलास तर आई येणारच नाही." "आई तिकडेच राहणार आता, तुला नवीन आई आणू." "जेव, नाहीतर बाबांना सांगते, येऊ नका म्हणून." आपल्याकडे अशी चेष्टा प्रेमानंच होते, मोठे हसतात, मूलही कधी कधी कसनुसं हसतं. पण आई खरोखर समोर नसताना साडेतीन वर्षांच्या मुलाला यात चेष्टा दिसत नाही. इतर कोणत्याही बाबतीत आजीला सूचना देऊ नका हवं तर. ती दोन घास जास्त भरवेल, टीव्ही जास्त लावेल, आंबे खाऊ घालेल, घालू द्या. या एका बाबतीत मात्र हात जोडून सांगा.

दोन आज्या घरात असतील तर मुलाची आजी कोणती ते आधी ठरवा. म्हणजे रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार, आंघोळ कोण घालणार, दुखलं-खुपलं तर कुशीत कोण घेणार. बाकीची मदत करतील, पण माणूस एकच. दोन्ही मुलांना दोन घरी वाटून ठेवायचा विचार तर मनातही आणू नका. सासूबाईंचं वय, गुडघे, साखर, रक्तदाब यांचाही विचार हवा. साडेतीन वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावणं हे सत्तरीच्या बाईचं काम नव्हे. स्वयंपाकाला आणि वरकामाला त्या दिवसांपुरती जास्तीची बाई लावा आणि तिचे पैसे आधीच देऊन ठेवा.

निफाडच्या मळ्याबद्दल मी आधी नको म्हटलं, त्याची कारणं दोन. पहिलं असं की आई आणि घर दोन्ही एकाच दिवशी सुटलं तर मुलाला धरायला काही उरत नाही. दुसरं कारण जिवाचं आहे आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागांमुळे शेततळी सगळीकडे झाली आहेत. तळ्याच्या तळाला आणि उताराला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, हाताला पकड मिळत नाही. पट्टीचा पोहणाराही आत पडला तर त्याला उतार चढून येणं कठीण जातं, तिथे मुलाची काय कथा. मूल बुडताना ओरडत नाही, आवाजच होत नाही. आणि मे महिन्यात मळ्यात दुपारी एक ते चार सगळी मोठी माणसं जेवून आडवी झालेली असतात, नेमकी तेव्हा मुलं उन्हातान्हात भटकतात. म्हणून मुलं मळ्यात राहणार असतील तर तुम्ही स्वतः एकदा जाऊन बघा. तळ्याला चारी बाजूंनी कुंपण आहे का, फाटकाला कुलूप लागतं का, आत गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून पक्का बांधलेला आहे का. विहिरीला कठडा आहे का. वडिलांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. दुपारच्या त्या तीन तासांत मुलांवर कुणाची नजर, त्याचं नाव ठरवा.

फवारणीची औषधं कुलुपात हवीत. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवायची सवय अनेक घरांत आहे आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला ती बाटली ओळखीची असते. निफाड भागात बिबट्याचा वावर आहे हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा अंधार पडल्यावर मुलं अंगणात एकटी नकोत आणि उकडतंय म्हणून बाहेर झोपणंही नको. विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतारा, मंत्र यात घटकाही न घालवता रुग्णालय गाठायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधावर केलेल्या कामामुळे आज यातली मुलं वाचतात, पण ती वेळेत पोचली तर. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि 108 ला फोन करायचा. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

इतकं सगळं नीट असेल तर शेवटचे दोन-तीन दिवस मुलं मळ्यात जायला हरकत नाही. तोवर ती रुळलेली असतील. आणि त्याआधी एकदा तुमच्यासोबत तिथे दोन रात्री राहून आलेली असावीत.

औषधांकडे वळते, कारण आजीच्या हातून सर्वांत जास्त गोंधळ होतो तो तापाच्या औषधात. पॅरासिटामॉलचं सिरप बाजारात दोन तीव्रतांचं मिळतं. एकात 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात 250. खोकी सारखीच दिसतात, अक्षरं बारीक. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. तुमचा मुलगा 14 किलोचा असेल तर 250 च्या बाटलीतलं 4 मिलिलिटर पुरतं आणि 125 च्या बाटलीतलं 8 मिलिलिटर लागतं. आजीला "आठ द्यायचं" एवढंच लक्षात राहिलं आणि हातात दुसरी बाटली आली, की डोस दुप्पट. म्हणून घरात एकच बाटली ठेवा, दुसरी कुणाला तरी देऊन टाका. तुमच्या डॉक्टरांकडून मुलाचं वजन करून डोस लिहून घ्या, बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून जाड मार्करनं मराठीत लिहा, आणि मापाच्या सिरिंजवर त्या रेषेला लाल खूण करा. चमच्यानं मोजायचं नाही. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दिलेली वेळ दर वेळी लिहून ठेवायची. दोन आज्या असल्या की एकीनं दिलेलं दुसरीला माहीत नसतं.

सासूबाईंच्या डब्यातली निमेसुलाइडची गोळी मुलांना चालत नाही, 12 वर्षांखालच्या मुलांसाठी तिच्यावर 2011 पासून बंदी आहे. खोकल्याचं कोणतंही सिरप आजीनं आपल्या मनानं देऊ नये. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अख्खं. अर्ध्या ग्लासात चिमूटभर असं नाही. ओआरएस म्हणून विकली जाणारी गोड पेयं वेगळी. 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्यांना ते नाव वापरायला मनाई केली, तरी खोक्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचा उल्लेख आहे ना ते बघूनच घ्या. सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय, श्वास भराभर चालतोय, झटका आला, उलटीतून हिरवं पडतंय, यातलं काहीही झालं तर आधी दवाखाना, तुम्हाला फोन नंतर. हे आजीला तुम्ही स्वतः सांगा. "आधी मुलीला विचारते" म्हणून थांबलेली आजी मी पाहिली आहे, आणि तिकडे मुलीचा फोन डोंगरात बंद होता.

एक साधं पत्र लिहून ठेवा: आमच्या गैरहजेरीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मुलांच्या उपचारांबाबत निर्णय घ्यायचा अधिकार यांना देत आहोत. दोघांच्या सह्या, दोन्ही मुलांची नावं, जन्मतारखा, रक्तगट, ॲलर्जी. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, पण हात मोडला आणि भूल द्यायची वेळ आली तर रुग्णालयात "आईवडील कुठे आहेत?" हाच पहिला प्रश्न येतो. त्या पत्रासोबत आधारच्या प्रती, लसीकरणाचं पुस्तक, विम्याचं कार्ड, जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि हाताशी थोडी रोकड एका पिशवीत, आणि ती पिशवी कुठे आहे ते दोघांना तरी माहीत हवं.

आणि ओटीपी. घरचं निम्मं जग तुमच्या दोघांच्या मोबाइलवर बांधलेलं आहे हे आपल्याला जाईपर्यंत कळत नाही. गॅस सिलिंडर घेताना लागणारा कोड तुमच्या नवऱ्याच्या फोनवर येतो, सोसायटीच्या गेटची परवानगी तुमच्या फोनवर, मुलीच्या क्लासचा ग्रुप तुमच्याकडे. जायच्या आधी सिलिंडर भरून ठेवा, गेटच्या ॲपवर सासूबाईंचा नंबर घाला, ग्रुपमध्ये एखाद्या मामा-काकाला जोडा. भारतातलं सिम फोनमध्ये चालू ठेवा, संदेश मिळण्यापुरतं रोमिंग असलं तरी पुरे.

शेंगेन व्हिसासाठी तुम्ही तुमचा किमान 30,000 युरोचा प्रवासविमा काढालच, तो बंधनकारक आहे. त्याच आठवड्यात मृत्युपत्रही करा. अभद्र बोलते असं वाटेल, पण दोघं एकाच विमानात बसणार आहात. मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमता येतो, 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तशी तरतूद आहे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, नोंदणी सक्तीची नाही. ज्यांचं नाव लिहाल त्यांना आधी विचारा. हे एकदा केलं की पुढच्या प्रत्येक प्रवासाला उपयोगी पडतं.

फोनबद्दल. मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तिथे दुपारचे अडीच. हीच वेळ धरा: मुलं उठून खेळून झालेली, जेवायला अवकाश. रात्री झोपताना व्हिडिओ कॉल मुळीच नको, दमलेल्या मुलाला त्या क्षणी आईचा चेहरा दिसला की झोप संपली. झोपेसाठी तुमच्या आवाजात चार-पाच गोष्टी आधीच रेकॉर्ड करून ठेवा आणि त्या आजीच्या फोनवर सापडतील अशा टाका. कॉलवर मुलगा बोलला नाही, पळून गेला, किंवा फोन ठेवल्यावर रडला, तर घाबरू नका आणि कॉल बंदही करू नका. दहा मिनिटांत तो पुन्हा खेळत असेल, आणि तसा खेळतोय हे आजीनं तुम्हाला एका ओळीत कळवायचं. बर्फात लोळतानाचे व्हिडिओ मुलांना रोज पाठवू नका. त्यांना त्यांच्या दिवसाबद्दल विचारा.

नणंदेच्या बोलण्याविषयी एवढंच म्हणते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून पुरुष प्रशिक्षणासाठी महिना-महिना परदेशी जातात, तेव्हा "पोरं टाकून" हा शब्द कुणी वापरत नाही. तुम्ही पोरं टाकून जात नाही आहात, त्यांना त्यांच्या माणसांजवळ ठेवून जात आहात आणि त्यासाठी महिनाभर आधी विचार करत आहात. नणंदेशी वाद घालू नका, तिला एक काम द्या. आठवड्यातल्या एका दिवशी मुलांना तिच्याकडे दिवसभर बोलवायला सांगा. मनात काळजी असलेल्या माणसाला काम मिळालं की बोलणं कमी होतं.

परतीची तारीख शाळा सुरू होण्याच्या किमान आठवडाभर आधीची असू द्या. आल्यावर पहिले दोन दिवस रजा घ्या आणि बॅगा, खरेदी, फोटो, पाहुणे हे सगळं मागे ठेवा. मुलगा धावत येऊन मिठी मारेलच असं धरून चालू नका. तो आजीच्या मागे लपेल, तुमच्या हातून जेवणार नाही, "तू जा" म्हणेल. मग संध्याकाळपासून अंगाला चिकटेल. गादी ओली होईल, बाळासारखं बोलेल, रात्री उठेल. दोन आठवड्यांत हे ओसरतं. त्याला रागवू नका आणि खेळण्यांनी विकत घेऊ नका, फक्त त्याच्याजवळ बसा. खाणं, झोप आणि खेळ तीन-चार आठवड्यांनंतरही जागेवर आले नाहीत तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि त्याच आठवड्यात सासूबाईंची आणि आईची साखर, रक्तदाब तपासून घ्या. नातवंडांच्या गडबडीत त्यांच्या गोळ्या चुकतात, दुपारची झोप जाते, आणि "काही नाही गं, बरी आहे" म्हणून त्या सांगत नाहीत. आल्यावर लगेच मुलांना पुन्हा त्यांच्याकडे सोपवून ऑफिसला पळू नका. त्यांना चार दिवस पूर्ण सुट्टी द्या.